रुखवताचे अनारसे

“अख्खं घाल,” अक्का कॉटवरून म्हणाली.

माझ्या हातात सोललेलं केळं होतं. पुढ्यात परात, परातीत अनारशाचं पीठ, गुळानं तांबूस झालेलं. मी केळ्याकडे बघितलं, पिठाकडे बघितलं.

“अख्खं?”

“मग काय, अर्धं वानराला ठेवणार आहेस? पिकलेलं आहे ना?”

“आहे.”

“मग घाल. आणि तळव्यानं मळ. पुस्तकाचं पान उलटल्यासारखं बोटं काय लावतोयस?”

अक्काकडे बाहुल्या शिकायला येणारी पद्मा उंबऱ्याशी बाहुलीच्या नथीला तार वळत बसली होती. तिनं मान वर केली. “अक्का, अहो—”

“पद्मा, तू आत जा आणि लाल शालूचा तुकडा घेऊन ये.”

“लाल?”

“लाल म्हणजे लाल. जा.”

पद्मा उठली. परातीजवळून जाताना तिनं आधी माझ्या हातातल्या केळ्याकडे आणि मग अक्काकडे पाहिलं. ते माझ्या लक्षात आलं, पण मला वाटलं, पुरुषमाणूस पीठ मळतोय म्हणून तिला गंमत वाटली असेल. तशा नजरांची मला तोवर सवय झाली होती. मी केळं घातलं आणि तळव्यानं मळायला लागलो.

त्या दुपारी जेवायला वैजू येणार होती. वैजू म्हणजे वैजयंती, आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यावर तिला वडीलधारी अशी आम्ही दोघंच उरलो होतो, अक्का आणि मी. चिंचवडला राहायची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती, आणि समोर माणसांची रांग खोळंबली आहे अशा घाईनं बोलायची. मनानं मात्र फार चांगली. पावसाळ्यात अक्का न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी म्हणून राहिली नाही. तेव्हापासून वैजूचं एकच पालुपद, मावशीला माझ्याकडे पाठव. अक्काचं दुसरं, मी कराड सोडायची नाही. आणि मी दोघींनाही म्हणायचो, चाललंय की आमचं.

शेवटी त्या दोघींनीच फोनवर परस्पर ठरवून टाकलं. वैजूनं यायचं, जेवायचं, घर बघायचं. आम्ही दोघं नीट निभावतोय असं तिला दिसलं, तर तिनं पुन्हा तो विषय काढायचा नाही. तसं दिसलं नाही, तर अक्कानं त्याच गाडीत बसून पुण्याला जायचं.

“ये तर,” अक्का फोनवर म्हणाली होती. “देसायांच्या रुखवताचे अनारसे त्याच दिवशी तळायचेत. दिगूच्या हातचे खा आणि मग काय ते बोल.”

मी शेजारीच उभा होतो.

“अगं, माझ्या हातचे कशाला?”

“माझे हात कॉटवरून गॅसपर्यंत पोचतात का? मी सांगेन तसं कर म्हणजे झालं.”

अक्का माझ्याहून मोठी. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. पुढे आई-वडील गेले, मी लग्न केलं नाही, आणि आम्ही दोघं एका घरात म्हातारे झालो. तिच्यामुळे माझं लग्न राहिलं असं लोक म्हणत. ती म्हणायची, “माझ्यामुळे कसलं? मुलगी बघायला गेला की हा तिच्या बापाच्या कपाटातली पुस्तकं बघत बसायचा.” ते खरं होतं. मी नगरपालिकेच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. पुस्तकांशी मला बोलता यायचं, माणसांपुढे शब्द घशात अडकायचे.

अक्का बाहुल्या करायची. रुखवतात मांडायच्या. नवरा-नवरी, मधे अंतरपाट धरलेले भटजी, मागे करवल्या, पुढे सप्तपदीच्या सुपाऱ्या, असा सगळा संच, आणि कुणी सांगितलं तर रुखवतातलं अनारशांचं ताटही. आत तारेचा सांगाडा, त्यावर कापूस, वरून मांजरपाट. मांजरपाट ती चहाच्या पाण्यात बुडवायची, म्हणजे अंगाला माणसाचा रंग यायचा. नवरी जरा कमी वेळ बुडवायची, भटजी जास्त. “उन्हातान्हात फिरतो बिचारा,” म्हणायची. चेहरा सगळ्यात शेवटी. लग्न ठरलेल्या मुलीचा फोटो मागून घ्यायची, बराच वेळ बघत बसायची आणि मग काहीतरी एकच उचलायची, हनुवटी म्हणा, भुवई म्हणा. फोटोसारखी बाहुली तिनं कधी केली नाही, पण मांडवात बायका लांबूनच ओळखायच्या, ही आपली सुलू.

तिच्याकडे एक रिवाज होता. बाहुल्या सांगायला येणाऱ्या प्रत्येक बाईनं आपल्या घरचा एक पदार्थ तिला सांगायचा, आणि जाताना तिच्याकडून एक घेऊन जायचा. त्यावाचून ती सुईला हात लावायची नाही. असं करत लिंगायतांच्या घरची शेंगापोळी, जैनांच्या घरची आमटी, मोमीन मोहल्ल्यातला ईदचा शिरखुर्मा, सगळं तिच्याकडे जमा झालं होतं. मी एकदा म्हटलं, हे लिहून ठेवतो. तिनं मला झटकून टाकलं. “लिहून ठेवलंस तर विचारायला कोण येईल माझ्याकडे?”

पडल्यावरही हे सगळं चालू राहिलं. कॉटला पाठ टेकून ती शिवायची आणि मी तारा वाकवायचो, कापूस पिंजायचो, स्वयंपाक करायचो, तिला उठवायचो, बसवायचो, खुर्चीवर न्यायचो, आणायचो. रात्री कूस बदलायला तिनं हाक मारली की उठायचो. हाक मारली नाही तरी उठायचो, कारण न मारलेली हाकही मला ऐकू यायला लागली होती. जन्मभर मी पुस्तकं उचलली, माणूस कधी उचलला नव्हता. कमरेला पट्टा बांधायचो आणि तो तिला दिसू नये म्हणून वरून सैल सदरा घालायचो. जिना चढताना मधेच थांबावं लागे. दमलो हा शब्द मात्र मी तोंडातून काढला नाही. मोठ्या बहिणीनं जन्मभर माझा स्वयंपाक केला, आता माझी पाळी आली तर दमलो कसं म्हणायचं? आणि तिला कराडमध्येच राहायचं होतं. तेवढी एक गोष्ट तिनं माझ्याकडे मागितली होती.

म्हणून त्या रविवारी मी परातीशी असा बसलो होतो, जणू माझी तोंडी परीक्षा आहे.

वैजू आणि तिचा नवरा मिलिंद आले तेव्हा वरण-भात, भाजी तयार होती. आदल्या दिवशी मी घर झाडून घेतलं होतं, औषधं डब्यात ओळीनं लावली होती. वैजूनं आल्या आल्या अक्काच्या गळ्यात हात टाकला, मग खिडकीतल्या बाहुल्यांपाशी गेली.

“किती गोड आहे गं ही नवरी! मावशी, अशी रुसलेली का आहे?”

“मुलगीच रुसकी आहे. देसायांची धाकटी. फोटोतही रुसली होती.”

“आणि नवऱ्याला तोंड कुठंय?”

“त्याचं आज संध्याकाळी. लग्नाआधी नवऱ्याला तोंड लागतं कशाला?”

सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, बरं चाललंय. मग वैजू स्वयंपाकघरात माझ्यापाशी आली आणि आवाज उतरवून म्हणाली, “मामा, तू बारीक किती झालास! रात्री झोपतोस तरी का?”

“झोपतो की.”

“खरं सांग.”

“अगं, या वयात झोप कमीच लागते.”

ती माझ्या हातांकडे बघत होती. मी झारा दुसऱ्या हातात घेतला.

“दिगू, तूप तापलं का?” अक्कानं बाहेरून विचारलं. “वैजू, तू तिथंच उभी राहून बघ गं. गरम गरम खा.”

मी पिठाची गोळी केळीच्या पानावर खसखशीत थापली. खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडली. अनारसा उलटायचा नाही, वरून तूप उडवायचं, हे मला माहीत होतं. अनारसा तरंगला. त्याला छान जाळी पडायला लागली. मी मान वर करून वैजूकडे बघितलं, जरासं अभिमानानंच. तेवढ्यात जाळी रुंदावली. कडा सुटल्या. मधून भोक पडलं, आणि बघता बघता अख्खा अनारसा तुपात पसरून गेला. कढईत नुसता तांबडा चुरा फिरत राहिला.

“काय झालं?” बाहेरून अक्का.

“मोडला.”

“हसला म्हण. अनारसा मोडत नाही, हसतो. गॅस बारीक कर आणि दुसरा सोड.”

दुसराही हसला. मी चुरा काढला, तूप गाळलं, गॅस आणखी बारीक केला, गोळी जाड थापली. तिसऱ्याचं तेच झालं. घरभर जळक्या गुळाचा वास पसरला. पद्मा दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात लाल कापड नव्हतं, आणि ती कढईकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती.

“जाऊ दे ना मामा,” वैजू म्हणाली. “आपण जेवून घेऊ. मला कुठं अनारसेच हवे होते?”

“जाऊ दे?” अक्काचा आवाज एकदम चढला. “जाऊ दे काय? परवा लग्न आहे देसायांकडे. ताटात काय ठेवू, हा चुरा? वैजू, इकडे ये. तुला घर बघायचं होतं ना, हे बघ घर. परवा यानं आमटीत दोनदा मीठ घातलं. मंगळवारी माझी गोळी विसरला. मला उचलताना हात सुटला याचा, कॉटच्या लाकडावर आपटले मी.”

यातलं एकही खोटं नव्हतं. पण ज्या दिवशी माझा हात सुटला, त्या दिवशी मीच रडकुंडीला आलो होतो आणि तीच म्हणाली होती, “अरे, काही नाही झालं, आत कापूसच तर आहे.” गोळीबद्दल तिनं चकार शब्द काढला नव्हता. आमटी तर ओरपून प्यायली होती.

“अक्का,” मी म्हणालो, “पीठ उरलंय अजून. पुन्हा करतो. माझंच काहीतरी चुकलं.”

“तुझंच चुकलं. आणि चुकतच राहणार. जन्मभर पुस्तकांच्या धुळीत बसलेला माणूस तू, तुला जमायचं नाही हे.” तिनं माझ्याकडे न बघता वैजूचा हात धरला. “माझी बॅग भर. इथं राहिले तर हा मला मारून टाकेल.”

वैजू गडबडली. न्यायला तीच आली होती, पण इतक्या लवकर कुणी हो म्हणेल याची तिनं तयारी केली नव्हती. “मावशी, अगं आजच्या आज असं काही नाही. तू शांत हो.”

“ठरलं होतं ना आपलं? मग दिलेला शब्द पाळ.”

मी कढईपाशीच उभा राहिलो. खरं तर बाहेर जावं, तिच्यापाशी बसावं, नको जाऊस म्हणावं. पण मनात एकच घोकत होतो, किती साधी गोष्ट होती, तीही आपल्याच्यानं झाली नाही. ती म्हणते त्यात खोटं काय आहे?

जेवण कुणाच्या घशाखाली उतरलं नाही. अक्कानं पद्माला जवळ बोलावून देसायांच्या बाहुल्या बांधून दिल्या, नवऱ्याचा चेहरा करायचं तिला सोपवलं. मिलिंदनं खालून ड्रायव्हरला बोलावलं आणि दोघांनी खुर्चीसकट अक्काला जिन्यावरून उतरवलं. मी मागून तिची चिंध्यांची पिशवी घेऊन गेलो. गाडीत बसल्यावर तिच्या पायावरचं लुगडं नीट केलं. ती समोरच्या काचेतून बघत होती.

“वर जाऊन दार लावून घे,” एवढंच म्हणाली.

मी वर आलो आणि दार लावलं. परातीत पीठ तसंच होतं. भांडी घासायची म्हणून उठणार होतो, पण खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तेव्हा दुसऱ्या दिवसाचं ऊन खिडकीतून माझ्या गुडघ्यांवर आलं होतं. इतकी झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. आणि ती लागली याची जी शरम वाटली, ती अजूनही नीट सांगता येत नाही.

देसायांकडे रुखवतात काय मांडलं, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. त्यांच्या गल्लीतून जायचं मी टाळू लागलो. आठवड्यातून एकदा पुण्याला फोन करायचो. वैजू म्हणायची, मावशी मजेत आहे. अक्का फोनवर यायची, जेवलास का विचारायची आणि ठेवून द्यायची.

मग मी अनारशांच्या मागे लागलो. मनाशी धरलं, एकदा जमले की डबा घेऊन पुण्याला जायचं आणि म्हणायचं, बघ, येतं मला, चल. तांदूळ भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी सावलीत पसरायचे, दमट असतानाच दळायचे, गूळ घालून मुरत ठेवायचे. त्या रविवारच्या अनारशांसाठी अक्कानं सांगितलं होतं तसंच सगळं, अगदी अक्षरशः, एक पाऊल इकडे तिकडे नाही. आणि दर वेळी ते हसायचे. एवढं सोपं गणित सुटू नये, याचं मला नवल वाटायचं नाही. माझ्याबाबतीत मला कशाचंच नवल वाटत नसे.

फाल्गुनात एका दुपारी पद्मा आली. पद्मा पोरे आमच्या खालच्या गल्लीत राहायची. घरचा शिवणाचा धंदा, हात हलका. अक्का पुण्याला गेल्यापासून बाहुल्यांची कामं तिच्याकडेच जात होती आणि ती उरलेली कापडं न्यायला आली होती. दारातच तिनं नाक वर केलं.

“काका, अनारसे? फाल्गुनात?”

“जमत नाहीत गं. पीठच कुठंतरी बिघडतंय.”

तिनं गाठोडं खाली ठेवलं, परातीजवळ बसली, पीठ बोटांत चोळून पाहिलं. “चांगलं मुरलंय की. यात काय घातलंत?”

“केळं.”

“किती?”

“अख्खं. अक्कानं सांगितलं होतं तसं.”

पद्मानं बोटांना लागलेलं पीठ परातीत झाडलं.

“काका, केळं घालायचं ते पीठ कोरडं पडलं तर. तेसुद्धा बोटाच्या पेराएवढं. अख्खं घातलं तर कुणाचेही हसतील. माझेपण, अक्कांचेपण.”

“मग त्या दिवशी ती विसरली असेल. आजारी माणूस.”

“अक्का विसरतील?” पद्मा माझ्याकडे अशी बघत होती, जसं एखाद्या लहान मुलाकडे बघावं. “मी सांगायला तोंड उघडलं तर मला लाल शालू आणायला आत धाडलं त्यांनी. लाल शालू नव्हताच काका तुमच्या घरात.”

मला अजूनही काही उमगत नव्हतं. पद्मानं पदरानं हात पुसले.

“देसायांच्या रुखवतात अनारसे होते. ताट भरून. मीच केले. अर्धं पीठ अक्कांनी आधीच माझ्याकडं पाठवलं होतं.”

“कुणाबरोबर?”

“तुमच्याबरोबर.”

आणि मला आठवलं. बरणी छातीशी धरून मीच गल्लीतून चालत गेलो होतो. पद्माला शिकायचंय, देऊन ये, अक्का म्हणाली होती.

“का पण?” मी विचारलं. “तिला जायचं होतं तर सांगायचं. मी कधी अडवलं असतं?”

“अडवलंच असतं की. त्या दिवशी बाहुल्या बांधून देताना त्या हळूच तसंच म्हणाल्या.” पद्मानं आवाज खाली आणला आणि अक्काचेच शब्द तिच्या तोंडून यायला लागले. “म्हणाल्या, जाते म्हटलं तर दिगू रडेल, पाया पडेल आणि पुन्हा मला उचलायला वाकेल. जिन्यात भिंतीला धरून उभा राहतो, मला काय आवाज येत नाही? पट्टा बांधतो आणि सदऱ्यात लपवतो. असाच चालला तर माझ्याआधी हाच जाईल. पण चूक त्याच्याकडून झाली असं त्याला वाटलं, तर गप्प बसेल. स्वतःची चूक पटायला त्याला वेळ लागत नाही, लहानपणापासून.”

खाली रस्त्यावर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. मी खुर्ची शोधून तिच्यावर बसलो.

“आणि तू हे ऐकून घेतलंस?”

“मला शपथ घातली होती. ती मी आज मोडली. मोडायची नव्हती, पण तुम्ही केळ्यांची नुसती नासाडी चालवलीय.” तिनं डोळे पुसले आणि उठली. “सरका आता. हे पीठ गेलंच. पुढचं मुरलं की मला हाक मारा.”

चैत्रात मी पुण्याला गेलो. डब्यात माझ्या हातचे अनारसे होते. तळताना पद्मा शेजारी उभी होती, पण झारा माझ्याच हातात होता. एक-दोन कडेनं फाटले होते, ते तळाशी ठेवले. जाण्याआधी मी बरंच काही ठरवून ठेवलं होतं. दिवसभरासाठी एक बाई बघितली होती. न्हाणीघरात आधाराला दांडे बसवून घेतले होते. काय बोलायचं, कोणत्या क्रमानं बोलायचं, हे एस.टी.त साताऱ्यापासून मनात घोळवत होतो.

वैजू बँकेत गेली होती. दार एका तरुण बाईनं उघडलं, सिंधू तिचं नाव, अक्काकडे दिवसभर असायची. अक्का खिडकीशी पलंगावर बसली होती. गालांवर थोडं मांस चढलं होतं. पुढ्यात सोसायटीतल्या कुणाच्या तरी लग्नाच्या बाहुल्या होत्या आणि ती सिंधूला सांगत होती, “कापूस दाबून भर. पोकळ राहिली की मांडवात मान टाकते.”

मला बघून ती थांबली. “दिगू! कळवायचं तरी.”

सिंधू चहा टाकायला आत गेली. मी डबा उघडून पुढे धरला. अक्कानं एक अनारसा उचलला, उलटा करून जाळी बघितली, मोडला, तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली.

“पद्मानं केले?”

“मी केले.”

“हं.” मग जरा वेळानं, “केळं किती घातलंस?”

“घातलंच नाही.”

लुगड्यावर सांडलेली खसखस ती बोटानं टिपत राहिली. दाणा दाणा टिपून झाल्यावर म्हणाली, “त्या पद्मीचं तोंडच शिवायला हवं होतं मी.”

“अक्का, चल घरी.”

मग मी सगळं बोललो. बाई, दांडे, रात्रीचं मी बघेन, माझी कंबर आता बरी आहे, डॉक्टरांना दाखवलंय, उद्याच गाडी करू. घोकलेलं काहीच विसरलो नाही. इतकं सलग मी जन्मात कुणापुढे बोललो नसेन. तिनं मला पुरतं बोलू दिलं.

“नाही यायचं मला,” ती म्हणाली.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण शब्द यायच्या आधीच माझ्या छातीतून एक लांब सुस्कारा बाहेर पडला, आणि साताऱ्यापासून आवळून धरलेले खांदे आपोआप खाली आले. मी काही केलं नाही, ते झालं. तो सुस्कारा मला ऐकू आला. तिलाही ऐकू गेला. माझ्या चेहऱ्यावरून तिची नजर हलली नव्हती, फोटो बघताना बघायची तशी ती बघत होती.

“बघ,” ती हळूच म्हणाली. “हेच बघायचं होतं मला.”

“अक्का, तसं नाही गं—”

“तसंच आहे. आणि असलं तर असू दे.” तिनं डबा आपल्याकडे ओढून घेतला. “झोप लागते का रे आता?”

मी नुसती मान हलवली.

“मग झालं.” आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून तिनं हाक मारली, “सिंधू! चहा राहू दे, आधी इकडे ये. हा माझा भाऊ. अनारसे शिकायचे होते ना तुला, याच्याकडून शिकून घे. केळं अजिबात घालत नाही हा.”